सोपट

पिमचनोक हे पासपोर्टवरचं नाव.
सावद्याच्या पॅकहाऊसमध्ये ते कुणाच्या जिभेला झेपेना,
तेव्हा ती म्हणाली, घरी मला नोक म्हणतात, म्हणजे पाखरू.
हुसनाबाई तडवी तिला त्या दिवसापासून पाखरूच म्हणते.

कापणीपासून टाकीपर्यंत केळीला डाग कुठे पडतो
हे शोधायला कंपनीनं पाठवलेलं, चार महिन्यांसाठी.

टेबलावर तिनं सोनेरी चौकटीतला फोटो ठेवला.
भंगाळेशेठ म्हणाले, वडील का?
राजा, ती म्हणाली. आधीचा.
मग जरा थांबून : वडीलच म्हणायचो आम्ही.

तो गेला त्या वर्षी बाजारातलं काळं कापड संपलं.
आईनं आपला पिवळा झगा रंगाऱ्याकडे टाकला,
काळा होऊन आला, वर्षभर तोच.
आता धुता धुता काळं विटत चाललंय,
पिवळं काही अजून वर आलेलं नाही.

एका रविवारी मी तिला भुसावळला सिनेमाला नेलं.
दिवे गेले, बँड वाजला, आणि पाखरू उभं राहिलं,
हात सरळ, मान ताठ.
पानमसाल्याची जाहिरात होती.
मागून आवाज आला, बस ना व माय, दिसत नाही आम्हाले!

मध्यंतरात तिनं पॉपकॉर्नला हात लावला नाही.
तिकडे सिनेमाआधी राजाचं गाणं लागतं, म्हणाली.
धाकटा भाऊ हल्ली उठत नाही.
माझी खुर्ची वाजते ती त्याला ऐकू येते,
त्याची वाजत नाही, तीही मला ऐकू येते.
घरी बोलत नाही का?
तिनं आजूबाजूला पाहिलं. भुसावळात.
काही वाक्यांना आमच्याकडे कायदा आहे, म्हणाली.

कार्तिकी पौर्णिमेला तिनं सुट्टी मागितली नाही,
घड उतरवलेला एक खांब मागितला.
असे हजारो आमच्या बांधावर कुजतात.
कोयत्यानं चार बोटं जाडीची चकती कापली,
पानाच्या पट्ट्या दुमडून टाचण्यांनी खोचल्या,
वर झेंडू, उदबत्ती, मेणबत्ती.

आई असंच करायची. मी लहान होते तेव्हा थर्माकोलचं आलं,
नद्या तुंबल्या. मग पावाचं आलं, मासे खातील म्हणून;
मासे तरी किती खाणार, पाणी नासलं.
आता मोबाईलवर रंगवायचं, तो दिवा पडद्यावर तरंगतो.
आणि भाऊ?
तो सोडत नाही. फोटो मागतो.

मी उरलेला खांब सोलत बसले होते.
म्हटलं, आमचे बुवा कीर्तनात सांगतात,
सोपटामागून सोपट काढत जा, आत काही नाही, तसा संसार.
हुसनाबाईनं माझ्या हातातून खांब घेतला.
बुवानं कधी कापलेला दिसत नाही, म्हणाली,
आणि पांढराशुभ्र गाभा काढून ताकाच्या पाण्यात टाकला.
उद्या भाजी.
आमच्याकडे रस्सा करतात, नोक म्हणाली.

रात्री हतनूरच्या फुगवट्यावर गेलो.
बाया द्रोणात दिवे सोडत होत्या.
नोक गुडघ्यावर बसली, डोळे मिटून पुटपुटली.
काय म्हणालीस?
वर्षभर तुला घाण केलं, माफ कर, मे खोंगखा.
खोंगखा कोण?
नदीआई. तुमच्याकडूनच आली ना ती? गंगा.
हुसनाबाई म्हणाली, पण बाई, ही तापी आहे. सूर्याची लेक. रागीट.
नोक दचकली,
पुन्हा डोळे मिटले, पुन्हा सगळं पहिल्यापासून,
या वेळी तापी.

धरणाचं पाणी, वाहत नव्हतं.
दिवा जिथल्या तिथे.
हुसनाबाई साडी खोचून घोटाभर आत गेली
आणि हातानं पाणी ढकलत राहिली
तो हातभर सरकेपर्यंत.

फोटो गेला. पाहिल्याची खूण आली, उत्तर नाही.
सकाळी टाकीत क्लोरीन सोडताना फोन वाजला.
तिनं वाचलं, ओला हात तोंडावर धरला.
मी विचारलं, काय लिहिलंय?

खांबाचाच आहे ना?